पाच स्टार मोजणार कोण?

एसी असो, फ्रीज असो वा छताचा पंखा, दुकानात वस्तू पसंत करताना ग्राहकाची नजर हल्ली किमतीपाठोपाठ स्टारच्या पट्टीवर जाते. पाच स्टारची वस्तू काही हजारांनी महाग असली, तरी ‘बिलात पैसे वसूल होतील’ असा हिशेब घरात मांडला जातो आणि प्रसंगी त्यासाठी दोन हप्ते जास्त भरण्याचीही तयारी असते. हा हिशेब पट्टीवर छापलेल्या एका आकड्यावर उभा असतो : ही वस्तू वर्षाला किती युनिट वीज खाणार. तो आकडा बरोबर आहे का, हे ग्राहकाला घरी पडताळता येत नाही. महिन्याच्या बिलात फ्रीज, पंखे, गिझर, टीव्ही सगळ्यांची वीज एकत्र येते. फ्रीजने लेबलवर लिहिल्यापेक्षा वीस टक्के वीज जास्त घेतली, तरी ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणजे स्टारवरचा विश्वास हा खरे तर कुठल्या तरी प्रयोगशाळेवरचा विश्वास असतो. देशात ऊर्जाबचतीची चर्चा होते ती स्टारची, नव्या तंत्रज्ञानाची, एलईडी दिव्यांची. ते स्टार मोजणाऱ्या प्रयोगशाळा किती आहेत, त्या कोणाच्या आहेत, एकच यंत्र दोन ठिकाणी मोजले तर उत्तर एकच येते का, हे प्रश्न मात्र तांत्रिक म्हणून बाजूला पडतात. उन्हाळा जसजसा कडक होत चालला आहे आणि एसीची वार्षिक विक्री एक कोटीच्या पुढे गेली आहे, तसतसे हे प्रश्न थेट घराच्या खर्चाशी आणि आरोग्याशी येऊन भिडले आहेत. उकाड्याच्या रात्री घरातील वृद्ध माणसाच्या खोलीत एसी किंवा पंखा चालू ठेवायचा की बिलाच्या धास्तीने बंद करायचा, हा निर्णय अनेक घरांत युनिटच्या आकड्यावरच होतो.

स्टार वस्तूवर येतो कसा?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यानुसार मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, ही केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि मे २००६ मध्ये तिने स्टार लेबलची योजना सुरू केली. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. जानेवारी २०१० पासून खोलीचे एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, ट्यूबलाइट आणि वितरण ट्रान्सफॉर्मर यांना लेबल सक्तीचे झाले. पुढे साधे फ्रीज, टीव्ही, विजेवरचे गिझर, एलईडी दिवे अशी यादी वाढत गेली. छताचे पंखे जानेवारी २०२३ पासून सक्तीच्या यादीत आले.

स्टार किती, हे बीईई स्वतः प्रत्येक वस्तू मोजून ठरवत नाही. उत्पादक आपल्या मॉडेलची चाचणी करून घेतो, अहवाल जोडून अर्ज करतो आणि अमुक इतके स्टार असल्याचे घोषित करतो. अहवाल एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचा असावा लागतो. ही प्रयोगशाळा त्रयस्थ असू शकते किंवा मान्यता मिळवलेली असेल, तर उत्पादकाची स्वतःचीही. एकदा नोंदणी झाली की त्या मॉडेलच्या हजारो, लाखो नगांवर तीच पट्टी चिकटते. त्यानंतर बाजारातून एखादा नमुना उचलून त्याची पडताळणी करणे हे सरकारी यंत्रणेचे काम.

या पद्धतीत गैर काही नाही. जगातल्या बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने असेच चालते. प्रत्येक नग सरकारने मोजायचा म्हटला, तर बाजार ठप्प होईल. पण घोषणेवर चालणारी व्यवस्था टिकते ती पडताळणीच्या धाकावर, आणि पडताळणीला लागतात प्रयोगशाळा. पडताळणी नसेल तर काय होते, याचे नमुनेदार उदाहरण अमेरिकेत २०१० मध्ये समोर आले.

पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळ

अमेरिकेत ‘एनर्जी स्टार’ हे लेबल १९९२ पासून आहे. तेथील संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने या लेबलची परीक्षा घ्यायचे ठरवले. खोट्या कंपन्यांच्या नावाने अस्तित्वातच नसलेल्या २० वस्तू नोंदणीसाठी पाठवण्यात आल्या. त्यांत पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळ होते. हवा शुद्ध करणारे म्हणून एक यंत्र होते. त्याच्या छायाचित्रात खोली गरम करण्याच्या हीटरला धूळ झटकायचा पिसांचा झाडू चिकटवलेला होता. वीसपैकी १५ वस्तूंना लेबल मिळाले.

अहवाल मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि मोठी नाचक्की झाली. लेबल देणारे कर्मचारी कागद तपासत होते, वस्तू कोणी पाहतच नव्हते. त्यानंतर नियम बदलले. २०११ पासून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी आणि त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र याशिवाय एनर्जी स्टार मिळेनासा झाला, आणि बाजारातल्या वस्तूंची दरवर्षी पडताळणी सुरू झाली. लेबलला अठरा वर्षे झाली होती, त्याला लोकमान्यता होती, पण त्यामागे मोजमापाचा आधार पुरेसा नव्हता. भारतात चाचणी अहवालाची अट आहे, त्यामुळे येथे पेट्रोलच्या घड्याळाला स्टार मिळणार नाही. येथे प्रश्न अधिक बारीक आहे. अहवालातील आकडा आणि दुकानातील वस्तूचा आकडा जुळतो का, आणि ते पाहण्याची ताकद कोणाकडे किती आहे?

थंडावा मोजायचा कसा?

विजेचा वापर मोजणे सोपे आहे. त्यासाठी चांगले मीटर पुरते. कार्यक्षमता म्हणजे मात्र विजेच्या बदल्यात मिळालेले काम, आणि एसीच्या बाबतीत ते काम म्हणजे खोलीतून उपसलेली उष्णता. ती मोजण्यासाठी ‘कॅलरीमीटर’ प्रकारची प्रयोगशाळा लागते.

यात शेजारी शेजारी दोन बंदिस्त खोल्या असतात. एक ‘घरातली’, दुसरी ‘बाहेरची’. मधल्या भिंतीत एसी बसवतात. भारतीय मानकानुसार आतल्या खोलीत तापमान २७ अंश सेल्सिअस ठेवायचे, बाहेरच्या खोलीत ३५ अंश. हवेतला दमटपणाही ठरलेला असतो. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक आत १९ अंश आणि बाहेर २४ अंश दाखवील, इतकी बाष्पाची मात्रा राखायची. एसी सुरू झाला की आतली खोली गार आणि कोरडी होऊ लागते. ती तशी होऊ द्यायची नाही, हीच या चाचणीची युक्ती आहे. एसी जेवढी उष्णता आणि ओल बाहेर काढतो, तेवढीच विजेचे हीटर आणि बाष्प सोडणारे उपकरण खोलीत परत घालत राहतात. तापमान २७ अंशांवर तासभर ढळले नाही, की समजायचे दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या. मग परत घातलेल्या उष्णतेसाठी किती वीज लागली, हे मोजले की एसीने किती उष्णता उपसली, हे कळते. गारवा असा उष्णतेने मोजला जातो.

समजा, एसीने ५ किलोवॉट उष्णता उपसली आणि त्यासाठी सव्वा किलोवॉट वीज घेतली, तर गुणोत्तर ४ झाले. अशी मापे पूर्ण भारावर आणि निम्म्या भारावर घेतात. देशातील हवामानानुसार वर्षात २४ ते ४३ अंशांदरम्यान किती तास कोणते तापमान असते, याचा १,६०० तासांचा तक्ता ठरवून दिलेला आहे. त्यावरून हंगामी सरासरी काढतात. तिला आयएसईईआर म्हणतात आणि स्टार तिच्यावरून ठरतात. जुलै २०२२ पासूनच्या तक्त्यात ३.८० ते ४.३९ ला तीन स्टार, ४.४० ते ४.९९ ला चार आणि ५.०० पासून पुढे पाच, अशी विभागणी होती. दीड टनाच्या एसीला या तीन आणि पाच स्टारमध्ये १,६०० तासांत साधारण २०० युनिटचा फरक पडतो. युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाला दोन हजार रुपये.

या चाचणीत अडचणी जागोजागी आहेत. भिंतीतून उष्णता झिरपली तर हिशेब चुकतो. म्हणून दोन्ही खोल्यांभोवती आणखी एक पोकळी ठेवून तिचे तापमान आतल्याइतकेच राखावे लागते. विजेचा दाब २३० व्होल्टवर स्थिर हवा. स्प्लिट एसीच्या नळ्यांची लांबी, त्यांची वळणे, भरलेला वायू, सगळे नियमाप्रमाणे हवे. जोडणीपासून अहवालापर्यंत एका यंत्रात दिवस सहज जातो. अशी एक प्रयोगशाळा उभारण्याचा खर्च कोटींच्या घरात आहे, आणि वर्षात तिच्यात किती यंत्रे मोजता येतील, याला दिवसांचीच मर्यादा आहे.

फ्रीजचे दिवस, पंख्याचे वॅट

फ्रीजला आणखी वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याची चाचणी १६ आणि ३२ अंश अशा दोन खोली-तापमानांना होते. कप्प्याकप्प्यांत तांब्या-पितळेच्या छोट्या ठोकळ्यांत बसवलेले तापमापक ठेवतात, म्हणजे दार, मोटर यांच्या क्षणिक चढउतारांनी आकडा हलत नाही. आतले तापमान स्थिर व्हायलाच बराच काळ लागतो, त्यानंतर बर्फ वितळवण्याच्या चक्रासह वीज मोजायची. कडक उन्हाळ्यात रिकामा फ्रीज किती वेळात गार होतो, हे पाहण्यासाठी ४३ अंशांची वेगळी चाचणी असते. फ्रीजच्या बाबतीत विजेइतकेच आतले तापमानही महत्त्वाचे. आत पुरेसे गार न ठेवता वीज वाचवणारा फ्रीज कागदावर कार्यक्षम दिसेल, पण त्यातले दूध, शिजवलेले अन्न आणि औषधे बिघडतील. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र तपासाव्या लागतात.

पंखा त्यामानाने साधा वाटतो, पण मोजमापातील बारकावा तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो. पंख्याची कार्यक्षमता म्हणजे दर मिनिटाला फेकलेली हवा, घनमीटरमध्ये, भागिले वॅट. नेहमीचा जुना ४८ इंची, म्हणजे १,२०० मिलिमीटरचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो. त्याने मिनिटाला २१० घनमीटर हवा दिली आणि ७५ वॅट घेतले, तर गुणोत्तर २.८ येते. जानेवारी २०२३ च्या तक्त्यात या आकाराच्या पंख्याला एका स्टारसाठीच किमान ४ हवेत आणि पाच स्टारसाठी ६. तेवढीच हवा ३५ वॅटमध्ये देणारा नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा बरोबर ६ वर पोहोचतो. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे ३०० दिवस पंखा चालला, तर जुन्याच्या तुलनेत एका पंख्यामागे १४४ युनिट वाचतात. एसी परवडत नाही अशा कोट्यवधी घरांसाठी ऊर्जाबचतीचा हाच सर्वांत मोठा लाभ आहे.

आता या पंख्याने प्रत्यक्षात ३५ ऐवजी ४० वॅट घेतले, तर गुणोत्तर ५.२५ होते आणि पाचाचे तीन स्टार होतात. वॅट बरोबर असले, पण हवा दहा टक्के कमी निघाली, तरी तेच. वॅट कोणताही वीजतंत्री मोजेल. हवा मोजायची तर ठरलेल्या मापाची बंद खोली आणि पंख्याखाली ठरलेल्या रेषांवर वेग टिपणारे संवेदक लागतात. उघड्या खिडकीची एक झुळूकही आकडा बदलते. पंख्यांच्या व्यवसायात मोठ्या कंपन्यांबरोबर लहान कारखानदारही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे अशी खोली नसते. लेबल सक्तीचे झाले की त्यांना बाहेरच्या प्रयोगशाळेत रांग लावावी लागते, आणि प्रयोगशाळा दूर असेल, तर वाहतूक, शुल्क आणि वाट पाहणे यांचा बोजा मोठ्या कंपनीपेक्षा त्यांच्यावर अधिक पडतो. चाचणीची सोय जवळ आणि परवडणारी नसेल, तर कार्यक्षमतेचा नियम लहान उद्योगाला नकळत बाजाराबाहेर काढू शकतो.

दोन प्रयोगशाळा, दोन उत्तरे

प्रयोगशाळांची संख्या वाढवली की प्रश्न सुटला, असे मात्र नाही. प्रत्येक मापाला अनिश्चितता असते. एसीच्या शीतनक्षमतेच्या मापनात आंतरराष्ट्रीय मानक सुमारे ५ टक्क्यांपर्यंतची अनिश्चितता मान्य करते. वरवर हा आकडा लहान वाटतो. पण ४.९० आयएसईईआरचा एसी एखाद्या प्रयोगशाळेने ३ टक्के जास्त मोजला, तर तो ५.०५ होतो आणि चाराचे पाच स्टार होतात. दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच एसी ३ टक्के कमी भरला, तर ४.७५. दोघींनीही नियम मोडलेला नाही, तरी ग्राहकाच्या दृष्टीने उत्तरे वेगळी आहेत. एखादा उत्पादक चाणाक्षपणे जास्त आकडा देणारीच प्रयोगशाळा निवडू लागला, तर ती अनिश्चितता त्याच्या फायद्याची होते.

यावर मापनशास्त्राकडे जुने आणि खात्रीचे उपाय आहेत. पहिला म्हणजे मापांची साखळी. प्रयोगशाळेतला तापमापक आणि वीजमापक ठरावीक काळाने अधिक अचूक उपकरणाशी ताडून पाहायचा, ते उपकरण त्याहून अचूक उपकरणाशी, आणि शेवटचा दुवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील राष्ट्रीय मानकाशी जोडलेला असायचा. दुसरा उपाय फेरतपासणीचा. एकच एसी किंवा फ्रीज आळीपाळीने अनेक प्रयोगशाळांकडे पाठवायचा, कोणी काय मोजले ते एकमेकांना आधी सांगायचे नाही आणि शेवटी आकडे शेजारी शेजारी मांडायचे. ज्या प्रयोगशाळेचा आकडा घोळक्यापासून दूर पडतो, तिने कारण शोधायचे. एनएबीएलची मान्यता ज्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकावर दिली जाते, त्यात अशा तुलनांमध्ये भाग घेणे अपेक्षित आहे. लेबलच्या विश्वासासाठी या तुलना वरचेवर होणे आणि त्यांचे निष्कर्ष उघड असणे आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट माणसे. कॅलरीमीटर विकत घेता येतो; तो कधी खोटे बोलतो आहे, हे ओळखणारा तंत्रज्ञ घडवावा लागतो. वाचन स्थिर दिसत असतानाही ओल्या तापमापकाचे कापड मळले आहे किंवा संवेदक सरकला आहे, हे अनुभवाने कळते. अशी माणसे उद्योगांतही हवी असतात आणि तेथे पगार चांगला मिळतो. त्यामुळे सार्वजनिक प्रयोगशाळांपुढे यंत्रापेक्षा माणूस टिकवण्याचे आव्हान मोठे असते. नव्या प्रयोगशाळेच्या घोषणेत इमारतीचा खर्च असतो, पण प्रशिक्षण, कॅलिब्रेशन आणि देखभाल यांसाठी दरवर्षी लागणारा पैसा क्वचितच ठळकपणे दिसतो.

परीक्षा ओळखणारी यंत्रे

यंत्रे हुशार झाली, तशी मोजमापाची अडचण वाढली. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेने आपल्या प्रयोगशाळेत काही फ्रीज तपासले. त्यांत एका मोठ्या कंपनीच्या मॉडेलमध्ये अशी यंत्रणा आढळली, की आपण चाचणीच्या परिस्थितीत आहोत, हे फ्रीज ओळखायचा आणि काटकसरीने चालू लागायचा. घरी मात्र त्याला जास्त वीज लागायची. कंपनीने ग्राहकांना भरपाई देऊ केली. सरकारी लेबलमधली ही फट सापडली ती स्वतंत्र प्रयोगशाळा असलेल्या एका ग्राहक संस्थेला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

इन्व्हर्टर एसीत फसवणुकीचा हेतू नसतानाही असाच पेच आहे. हा एसी गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो. चाचणीत मात्र स्थिर माप हवे असते, म्हणून कॉम्प्रेसर ठरावीक वेगावर ‘बांधून’ ठेवावा लागतो. तो कसा बांधायचा, याची सूचना उत्पादकच देतो. म्हणजे स्वतंत्र प्रयोगशाळेलाही मोजमापासाठी उत्पादकाच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागते, आणि घरात जो नियंत्रक एसी चालवतो, त्याचे वागणे मोजलेच जात नाही. जर्मनी आणि कॅनडात यावर काम झाले आहे. खोलीत ठरावीक उष्णता सोडत राहायची आणि एसीला त्याच्या स्वतःच्या बुद्धीने चालू द्यायचे, अशी नवी पद्धत तेथे तपासली गेली. ती वास्तवाच्या जवळची आहे, पण वेळखाऊ आणि अवघडही. भारतात पुढे कधी तिचा विचार व्हायचा, तर ती राबवून पाहू शकतील अशा प्रयोगशाळा आणि संशोधक आधी तयार हवेत. दुसऱ्यांनी लिहिलेले मानक जसेच्या तसे उचलायचे की येथील ४५ अंशांच्या दुपारी, दमट किनारपट्टी आणि गावाकडचा खालीवर होणारा व्होल्टेज यांना धरून स्वतःचे ठरवायचे, हे स्वातंत्र्यही चाचणीच्या क्षमतेतूनच येते.

पडताळणीचे गणित

भारतात पडताळणीची पद्धत नियमांत आखलेली आहे. बाजारातून नमुना उचलायचा, स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासायचा. तो नापास झाला, तर त्याच मॉडेलचे दुप्पट नमुने घेऊन उत्पादकाला कळवून दुसरी चाचणी करायची. त्यातही नापास झाला, तर लेबल दुरुस्त करणे, माल मागे घेणे आणि नाव जाहीर करणे, इथपर्यंत तरतुदी आहेत. कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंतचा दंड आहे. दंडाचा निवाडा राज्य वीज नियामक आयोगाच्या सदस्याने करायचा असतो. राज्यांच्या पातळीवर कायदा राबवण्यासाठी एक नियुक्त संस्था असते; महाराष्ट्रात ती जबाबदारी ‘महाऊर्जा’कडे आहे.

कागदावर पूर्ण दिसणाऱ्या या साखळीचा वेग प्रयोगशाळेवर अवलंबून राहतो. दुसऱ्या चाचणीपर्यंत काही महिने गेले, तर उन्हाळ्याचा हंगाम संपतो आणि वादग्रस्त मॉडेल विकून मोकळे होते. एसीची विक्री मुख्यतः मार्च ते जूनमध्ये होते. पडताळणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली, तरच तिचा ग्राहकाला उपयोग. शिवाय स्टारचे तक्ते दर काही वर्षांनी कडक होतात. २०१८ च्या तक्त्यात ४.५० ला पाच स्टार होते. २०२२ मध्ये तोच एसी चार स्टारचा झाला. हे योग्यच आहे, पण प्रत्येक बदलाच्या वेळी सगळे उत्पादक एकाच वेळी नव्या अहवालांसाठी प्रयोगशाळांकडे धावतात. त्या काळात पैसे देणाऱ्या उत्पादकाचे काम आधी आणि सरकारी पडताळणीचे नंतर, असे होण्याचा धोका उघड आहे.

देशात या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था आहेत. बेंगळुरू आणि भोपाळला केंद्रीय विद्युत संशोधन संस्था आहे, बडोद्याला ‘एर्डा’ आहे, मुंबईत अंधेरीला केंद्र सरकारची ईआरटीएल आहे, शिवाय खासगी प्रयोगशाळा आहेत. मोठ्या उत्पादकांकडे उत्तम दर्जाचे चाचणी कक्ष आहेत. पुण्याजवळ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रीज आणि वॉशिंग मशीन बनवणारे मोठे कारखाने आहेत, तेथे रोज मोजमाप चालते. उद्योगाकडे ही क्षमता असणे चांगलेच आहे. त्याशिवाय वस्तू सुधारणारच नाही. पण जो विकतो, त्याचेच माप शेवटचे असू नये. किराणा दुकानातला काटा वजनमापे खात्याने तपासावा लागतो, तसेच हे आहे.

येथे महाराष्ट्राला करण्यासारखे बरेच आहे. कारखाने येथे आहेत, मोठी बाजारपेठ येथे आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. महाऊर्जाने एखाद्या शासकीय महाविद्यालयाच्या साहाय्याने पंखे, गिझर, एलईडी दिवे यांसारख्या तुलनेने कमी खर्चाच्या चाचण्यांची सोय केली, तर लहान उत्पादकांना आधार मिळेल आणि बाजारातून नमुने उचलून प्राथमिक चाळणीही लावता येईल. संशयास्पद ठरलेले नमुनेच मग मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतील. त्यातून मोजमापाचे शिक्षण घेतलेले तंत्रज्ञही तयार होतील.

घरातला आकडा आणि कागदावरचा आकडा

प्रयोगशाळेचे माप हे तुलना करण्यासाठी असते, प्रत्येक घराचे बिल सांगण्यासाठी नसते, हेही ध्यानात ठेवायला हवे. लेबलवरचे युनिट १,६०० तासांचे आहेत. रात्रभर एसी लावणाऱ्या नागपूरच्या घरात वर्षाचे तास निराळे, महाबळेश्वरला निराळे. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने ‘ई-मार्क’ प्रकल्पात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील घरांत मीटर बसवून विजेच्या प्रत्यक्ष वापराच्या नोंदी केल्या. अशा नोंदींची प्रयोगशाळेच्या आकड्यांशी सांगड घातली, तर चाचणीची पद्धत कोठे वास्तवापासून दूर आहे, हे दिसते. दोन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत.

देशाच्या पातळीवर पाहिले, तर पणाला लागलेली रक्कम मोठी आहे. ३० मे २०२४ रोजी, उष्णतेच्या लाटेत, देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॉटवर गेली. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यानुसार २०१७-१८ ते २०३७-३८ या वीस वर्षांत थंडाव्याची मागणी सुमारे आठपट होईल आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. ही बचत लेबलवरच्या आकड्यांतून मोजली जाणार. ते आकडे सरासरीने पाच-दहा टक्के चुकले, तर बचत कागदावर राहील आणि वीजकेंद्रे प्रत्यक्षात उभारावी लागतील. त्यांचा खर्च पुन्हा बिलातूनच वसूल होईल.

त्यामुळे अपेक्षा तीन आणि नेमक्या आहेत. पडताळणीसाठी प्रयोगशाळांचा काही वेळ दरवर्षी हंगामापूर्वी राखून ठेवावा आणि त्याचा खर्च लेबलच्या शुल्कातून भागवावा. प्रयोगशाळांमधील तुलनेचे निष्कर्ष जाहीर करावेत. आणि बाजारातून उचललेल्या नमुन्यांचे निकाल, पास आणि नापास दोन्ही, मॉडेलच्या क्रमांकासह लोकांना सहज पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत. बीईईचे मोबाइल ॲप लेबलची माहिती आजही दाखवते. त्यात ‘या मॉडेलची बाजारातून पडताळणी झाली का, कधी आणि निकाल काय,’ एवढी एक ओळ वाढली, तर दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला पट्टीवरच्या स्टारपेक्षा अधिक भरवशाचे काही हाती लागेल.